धोंडीरामची शिडी

वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत 'आपल्या भागातले वाक्प्रचार आणि त्यांचे उगम' हा लेख मी लिहावा, असं समितीने ठरवलं तेव्हा मी बैठकीला हजर नव्हतो. हजर असतो तर लेख दुसऱ्याच्या गळ्यात पडला असता. पंचवटीतल्या आमच्या गल्लीची ही जुनी पद्धत आहे. गैरहजर माणसाचं एकमुखाने कौतुक करायचं आणि काम त्याला द्यायचं. "बोरस्ते कचेरीत रोज टिपणं लिहितात, त्यांचा हात बसलेला आहे," असं नाना गायधनी म्हणाले म्हणे. नाना वाचनालयाचे अध्यक्ष, शिवाय माझे घरमालक. घरमालकाच्या वाङ्मयीन मताशी भाडेकरूने वाद घालू नये एवढी अक्कल मी निफाडहून बदलून येतानाच बरोबर आणली होती.

फार शोधाशोध नको म्हणून मी एकच वाक्प्रचार निवडला: धोंडीरामची शिडी. आमच्या आसपासच्या चारदोन गल्ल्यांत हा शब्द जेवणातल्या मिठाइतका लागतो. पाहुणे जेवून गेल्यावर गॅसचा सिलिंडर आला, की धोंडीरामची शिडी. ताप उतरल्यावर डॉक्टर आले, की धोंडीरामची शिडी. माझी बढती निवृत्तीच्या आसपास होईल असं कळलं तेव्हा आमच्या सौभाग्यवती सुलाबाईंनी तिचंही बारसं याच नावाने केलं होतं. गरज सरल्यावर पोचलेली मदत, असा त्याचा सरळ अर्थ. उगम तेवढा शोधायचा होता.

मी लेख लिहितोय ही बातमी फुटल्यावर उगमांचा पाऊस पडला. नानांच्या मते धोंडीराम हा रामशेज किल्ल्याच्या वेढ्यातला शिलेदार. त्याची शिडी किल्ला पडल्यावर पोचली. किल्ला कोणी पाडला आणि शिलेदार कोणाच्या बाजूचा होता, हे मी विचारलं. "तो तपशील तुम्ही बघा," नाना म्हणाले. समोरचे निवृत्त दीक्षित मास्तर दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी धोंडीराम नावाचा माणूसच नव्हता, हे रूपक आहे, असं सांगून गेले. प्रत्येकाला आपला उगम छापून हवा होता, तोही नावानिशी. मी सगळं उतरवून घेत होतो आणि आपल्या हातून काहीतरी संशोधन घडतंय, अशा समजुतीत चष्मा कपाळावर ढकलून हिंडत होतो.

"अहो, कसला शिलेदार?" भाजी निवडता निवडता सुलाबाई म्हणाल्या. "धोंडीराम मखमलाबादच्या रस्त्याला राहतो. मी त्याच्या बायकोकडून शेवंती घेते."

संशोधकाला असं स्वयंपाकघरातून कोणी उत्तर देऊ नये. मी म्हणालो, "तो दुसरा धोंडीराम असेल."

"शिडीवाला तोच. पूर्वी देवळांच्या दारांना तोरणं बांधायचा. पंचवटीत सगळ्यात उंच शिडी त्याची होती. जाऊन विचारा की."

दुसऱ्या रविवारी मी सायकलीने गेलो. शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे पत्र्याचं घर, दारात बाज, बाजेवर हाडं उरलेला एक म्हातारा. मी नमस्कार करून म्हणालो, "आपला उगम शोधतोय." वाक्य घरून तयार करून नेलं होतं. आता वाटतं, दुसरं न्यायला हवं होतं. म्हाताऱ्याने बाजेखालची वहाण माझ्या दिशेने भिरकावली. नेम चुकला.

"आवो, आलेल्या मानसाला असं करत्यात का?" म्हणत त्याची बायको नवसाबाई पाणी घेऊन आली. मग धोंडीराम बोलायला लागला आणि मला पाणी प्यायचं भान राहिलं नाही.

"माझी पोरगी चांगुणा, त्र्यंबकला दिलीया. दळण घेऊन यायला जरा येळ झाला, की सासू म्हनती, आली धोंडीरामची शिडी. बापाचं नाव घेऊन पोरीला हिनवत्यात. मला देवळांची कामं व्हती. कोन बोलवील आता? ज्याचं नावच उशीर, त्याला तोरन सांगून सन वाया घालवायचा का? तुमी शिकलेले. येक करा. माझं नाव लोकांच्या तोंडातून काढा. मी मरायच्या आत काढा. दुसरं काय नको मला."

"पण तुम्हाला उशीर झाला होता का?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी वहाणही येणार असं मला वाटलं. "पुरात काय झालं ते तुमच्याच गल्लीला इचारा," एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून निजला.

गल्लीला विचारायचं म्हणजे कोणाला, हा प्रश्न होता. एकोणसत्तरच्या महापुराच्या वेळी मी निफाडला होतो. शेवटी मी नानांच्या विधवा वहिनींकडे, विमलाबाईंकडे गेलो. त्यांचं वय झालं होतं, आणि खोटं बोलायचा त्यांना आता कंटाळा आला होता.

"नदीकडच्या टोकाला साळूबाई राहायची," त्या म्हणाल्या. "एकटी. बसकं घर, जिना नाही. धोंडीरामच्या फुलांचे हार ती ओवायची. पाणी चढायला लागलं तेव्हा तो तिच्यासाठी शिडी खांद्यावर घेऊन धावत आला. वेळेवर आला हो. गुडघाभरच पाणी होतं. पण गल्लीच्या तोंडाशी आमचं घर. भावजी म्हणाले, 'एवढं मशीन माळ्यावर टाकून घेतो, लगेच देतो.' माझं शिवणाचं मशीन. मग शेजारच्यांच्या ट्रंका. मग मास्तरांचा रेडिओ. मग वाचनालयाची पुस्तकं. प्रत्येक जण म्हणे, एवढं झालं की देतो. तो नुसता हात जोडत पुढे-मागे पळत होता. शेवटी शिडीचा नाद सोडून तसाच पाण्यात शिरला. पाणी छातीला लागलं, ओढ जोराची, आम्ही दोर टाकून त्याला ओढून घेतला. साळूबाई गेली. पाणी उतरल्यावर कोणीतरी शिडी नेऊन तिच्या दाराला टेकवली."

"मग उशीर झाला असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं ना." त्यांनी डोळे पुसले. "माझं नाव छापू नका. आणि मशीनचंही नका लिहू."

शिडी कुठे गेली ते विचारायची वेळच आली नाही. वाचनालयाच्या बोळात भिंतीला आडवी टांगलेली एक लांबच लांब बांबूची शिडी मी इतकी वर्षं बघत होतो. तिच्याच खाली बाकावर बसून पेपर वाचायचो. तिच्यावर चढून मीच वरच्या फळीवरची कादंबरी काढली होती. बोळाच्या दारावर नवा फलक लागला होता: 'महापुरातही ग्रंथसंपदा राखणारे वाचनालय'. मी तो फलक वाचला आणि त्या दिवशी पेपर न वाचताच बोळातून बाहेर पडलो.

मी लेख लिहिला. पहिल्या भागात लोक काय म्हणतात ते, दुसऱ्या भागात खरं काय ते. मशीन गाळलं. नानांनी तो दोनदा वाचला आणि पानसुपारीचा डबा पुढे केला. घरमालकाने पान पुढे केलं की भाडेकरूने सावध व्हावं.

"सुंदर," ते म्हणाले. "फक्त दुसऱ्या भागाला सरकारी पुरावा जोडा. उद्या कोणी विचारलं तर?"

पुराव्यासाठी मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. मी स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे मला खिडकीबाहेर उभं राहण्याची सवय नव्हती, ती लागली. पुराच्या विभागाने सांगितलं, आमच्याकडे पाण्याची उंची आहे, शिडीची नाही. मदतकार्याच्या विभागाने विचारलं, शिडी सरकारी होती का? खासगी असेल तर तिच्या हालचालीशी आमचा संबंध नाही. तिसऱ्या ठिकाणी एका भल्या गृहस्थाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लोकांच्या बोलण्यात दुरुस्ती ही सांस्कृतिक बाब असल्याने मुंबईला लिहा, असा सल्ला दिला. मी अर्ज लिहून परत येईपर्यंत त्याची खिडकी बंद झाली होती. "आता आलात होय?" तो आतून म्हणाला. "धोंडीरामची शिडी झाली तुमची."

स्मरणिका निघाली. माझा लेख सोळाव्या पानावर, छायाचित्रासह. शेवटचं वाक्य असं होतं: 'पाणी ओसरल्यावर धोंडीराम शिडी घेऊन पोचला, असे जुने लोक सांगतात.' त्याच्या खाली एका चिवड्याच्या दुकानाची जाहिरात. दुसरा भाग कुठेच नव्हता. नाना म्हणाले, जाहिरातदार ऐन वेळी आला, जागा कुठून तरी काढावीच लागते. मी भांडलो. मी खरोखर भांडलो, आवाज चढवून. तेव्हा त्यांनी शांतपणे, चुना काढायला घर कधी रिकामं करून देता, हा विषय काढला.

एवढ्यावर थांबलं असतं तर निदान गल्लीतलं गल्लीत राहिलं असतं. पण समारंभाला पाहुणे म्हणून एक होतकरू पुढारी आले होते. निवडणूक तोंडावर होती. व्यासपीठावर बसल्या बसल्या त्यांनी माझा लेख वाचला, आणि भाषणात माझं नाव घेऊन मला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिखाणाला टाळ्या पडत होत्या आणि मला बाकाखाली शिरावंसं वाटत होतं.

आठवड्याच्या आत भिंती रंगल्या. 'आमची मदत पहिल्या घडी, त्यांची मदत धोंडीरामची शिडी!' पंचवटीत, नाशिकरोडला, त्र्यंबकच्या रस्त्याला. निफाडहून मेहुण्याचं पत्र आलं, की तुमची घोषणा आमच्या सोसायटीच्या गोदामावर आली, अभिनंदन. चार गल्ल्यांतलं नाव मी जिल्हाभर केलं होतं. रिक्षांच्या भोंग्यांतून ते दिवसभर ऐकू यायचं आणि कचेरीत लोक मला चहा पाजायचे.

मी त्या पुढाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कार्यकर्त्याला सांगितलं, धोंडीराम खरा माणूस आहे, जिवंत आहे, त्याच्या जिवाला लागतंय.

"जिवंत आहेत?" तो आनंदाने उठला. "मग त्यांना शिडीसकट सभेत आणू! किती लोक येतील बघा."

धोंडीरामच्या घराजवळच्या कुंपणाच्या भिंतीवरही रंगाऱ्याने घोषणा लिहिली होती, बाजूला शिडीचं चित्र काढून. बाजेवर पडल्या पडल्या समोर दिसेल अशी. मी गेलो तेव्हा म्हातारा तिच्याकडेच बघत होता. त्याला ताप होता. मला वाटलं, वहाण फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं.

"रंग चांगला वापरलाय," तो म्हणाला. "पावसानं जायाचा नाय."

मी बाजेच्या कडेला बसलो. मग त्याने हळूच विचारलं, "शिडी हाय का अजून?"

"आहे. वाचनालयात."

"ती आनून द्या. हितं दाराला उभी करा. त्या दिवशी शिडी माझ्यासंगं घरी आली नाय, तुमच्या गल्लीत राह्यली. उशीर झाला असता तर मी संगंच नेली नसती का? लोक बघतील, इचारतील. मी सांगीन. येवढं करा, माझा दम हाय तवर."

म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. दारात उभी शिडी कोणालाही नाकारता आली नसती.

नाना म्हणाले, शिडी ही वाचनालयाची मालमत्ता, ती द्यायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसऱ्या सभेत दीक्षित मास्तरांनी 'परत करणे' की 'भेट देणे' यावर उपसूचना मांडली. परत करणे म्हटलं तर ती दुसऱ्याची होती असं सिद्ध होतं. त्यात निवडणूक झाली, पुढारी पडले, भिंती तशाच राहिल्या. उन्हाळा लागला. अखेर 'भेट देणे' मंजूर झालं आणि मी त्याच दिवशी भाजीबाजारातून हातगाडी ठरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवसाबाईने शेवंतीबरोबर सुलाबाईंकडे निरोप धाडला होता, लवकर या म्हणून. मी नि सुलाबाईंनी शिडी उतरवली, गाडीवर बांधायला घेतली. एवढ्यात समोरचे मास्तर बाहेर आले.

"बोरस्ते, ही चाललीच आहे तर जाता जाता एवढी टीव्हीची अँटेना सरळ करून घेतो. दोन मिनिटं."

मास्तरांना नाही कसं म्हणायचं? अँटेना झाली. मग शेजारणीला छताची जळमटं काढायची होती, आता पुन्हा शिडी कुठे मिळणार! मग कोणाची कौलं. मग नानांच्या खिडकीवरचं मधमाश्यांचं पोळं, ते तर सगळ्यांच्याच हिताचं. गल्ली उत्साहात होती. प्रत्येक जण म्हणत होता, एवढं झालं की देतो. मी घड्याळ बघत पुढे-मागे पळत होतो. सुलाबाई ओरडल्या, "अहो, नाही म्हणा ना!" मी म्हणणारच होतो. पण तेवढ्यात नानांनी विचारलं, "बोरस्ते, तुमचीही अँटेना वाकडी आहे ना? घ्या, आम्ही धरतो."

मी चढलो. रविवारच्या चित्रपटात नट मला दोन-दोन दिसत होते, हे खरं आहे. वर गच्चीच्या कठड्याशी, अँटेनेचा दांडा हातात धरून मी खाली बघितलं. गल्लीतले सगळे जण माना वर करून शिडी धरून उभे होते, आणि पलीकडच्या टोकाला, जिथे साळूबाईचं घर होतं, तिथे नदीचं पाणी उन्हात चमकत होतं. मी दांडा सोडला. अँटेना तशीच वाकडी ठेवून उतरलो, शिडी हिसकावली आणि गाडी ढकलत निघालो.

गाडीपेक्षा शिडी दुप्पट लांब. चौकात ती टांग्याला अडली, भाजीवालीच्या छत्रीत घुसली. पोरं मागे लागली आणि भिंतीवरची घोषणा ओरडायला लागली, "त्यांची मदत!", आणि चहाच्या टपऱ्यांवरून मोठी माणसं उत्तर द्यायला लागली, "धोंडीरामची शिडी!" हा कोणत्या पक्षाचा प्रचार, अशी एकाने चौकशीही केली. मी शर्टाच्या बाहीने घाम पुसत, कोणाकडे न बघता गाडी ढकलत राहिलो.

मळ्याशी पोचलो तर दारात माणसं बसली होती. बाज रिकामी होती. चांगुणा त्र्यंबकहून सकाळीच आली होती. "आत्ताच गेलं," पुतण्या सोमा म्हणाला. "सारखं रस्त्याकडं बघत व्हते."

कोणीतरी बांबू आणायला बाजाराकडे निघालं होतं. सोमाने गाडीवरच्या शिडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या माणसाला हाक मारून मागे बोलावलं. कुऱ्हाडीने शिडी मापाची तोडली, वर गवत आणि पांढरं कापड अंथरलं. माझ्या खांद्यावर उजवीकडचा बांबू आला. त्याला तोरणाच्या जुन्या सुतळीची एक गाठ अजून तशीच होती आणि ती सगळा रस्ताभर माझ्या मानेला टोचत होती.

दहाव्याला आम्ही रामकुंडाजवळ जमलो. नानाही आले होते, वाचनालयातर्फे हार घेऊन. गुरुजींनी दिवंगताचं नाव खणखणीत उच्चारून विधी उरकला आणि पिंड मांडला. कावळे चिक्कार होते. शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्याकडे एकही फिरकेना. सोमा म्हणाला, "काका, काकूला सांभाळीन." चांगुणा म्हणाली, "बाबा, माझी काळजी करू नका." कावळे मान वाकडी करून भलतीकडेच बघत होते. मग नवसाबाईने माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे झालो आणि घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "धोंडीराम, तुमची शिडी वेळेवर आली होती!" आसपासची चार कुटुंबं वळून बघायला लागली. मी नानांना हळूच म्हटलं, "नाना, तुम्ही म्हणा. तुमचं मान्य होईल त्यांना."

"एवढ्या लोकांत?" नाना म्हणाले, आणि हार सोमाच्या हातात देऊन वहाणा शोधायला गेले.

ऊन चढलं. रांगेतले पुढचे लोक खोळंबले होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि ताट आवरायला घेतलं. नेमका तेव्हा कुठूनसा एक म्हातारा, पिसं झडलेला कावळा आला आणि पुसलेल्या जागेवर येऊन बसला.

गुरुजी हसले. "आता आलास? धोंडीरामची शिडी झाली की रे तुझी!"

तासाभरापूर्वी हेच नाव त्यांनी गोत्रासकट उच्चारलं होतं. भल्या माणसाच्या मनात काही नव्हतं. मी खाली बघत राहिलो.

नवसाबाईने पदर खांद्यावर नीट घेतला. "येळेवर आली व्हती, महाराज," ती म्हणाली. "तुमी लोकांनी सोडली नाय."

गुरुजींना काही कळलं नाही. त्यांनी पुढच्या माणसांना हाक मारली.